लॅपटॉप हलतो, शिकवणी हलत नाही

आपल्याकडे शहर निवडणं फार थोड्यांच्या वाट्याला येतं. बहुतेकांना शहर मिळतं. कुणाला बदलीच्या आदेशात, कुणाला कारखान्याच्या गेटवर, कुणाला दुष्काळाच्या वर्षी समोर येईल त्या एसटीच्या पाटीवर. आणि बायकांना ते लग्नपत्रिकेत मिळतं. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ४५ कोटी स्थलांतरित मोजले गेले. त्यांच्या गाव सोडण्याचं सर्वांत मोठं कारण नोकरी नव्हतं, लग्न होतं. आणि लग्नामुळे गाव सोडणाऱ्यांत जवळजवळ सगळ्या स्त्रियाच होत्या. म्हणजे या देशातलं सर्वांत मोठं स्थलांतर असं आहे, की ज्यात जाणारीला 'तुला कुठं राहायला आवडेल?' असं बहुधा कुणी विचारलेलं नसतं.

म्हणूनच मीरा रोडच्या एका जोडप्यानं या रमजानच्या दुसऱ्या आठवड्यात गाडी काढली, तेव्हा नातेवाइकांना ते खूळ वाटलं. नवरा पन्नाशीला टेकलेला, एका कंपनीचे हिशेब बघणारा. बायको त्याच्याहून चार वर्षांनी लहान, घरीच गणिताच्या शिकवण्या घेणारी. मुलगा इंजिनिअरिंगला, वसतिगृहात. त्यांची इमारत पुनर्विकासाला गेली. बिल्डर भाडं देणार आणि नवी इमारत उभी राहायला तीन वर्षं, म्हणजे प्रत्यक्षात चार, लागणार. भाड्यानंच राहायचं आहे तर मुंबईलाच का चिकटून राहायचं, असा विचार निघाला. नवऱ्याचं काम लॅपटॉपवर, महिन्यातून दोनदा ऑफिसात तोंड दाखवलं की झालं. यादी ठरली: नाशिक, छत्रपती संभाजीनगर, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी. पुणं वगळलं. मुंबईची गर्दी नको म्हणून पुण्याला जाण्यात काही अर्थ नाही, यावर दोघांचं एकमत होतं, आणि त्यात पुणेकरांनी वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

रोजे चालू असताना प्रवास कशाला, ईदनंतर जा, असं सगळ्यांनी सांगितलं. मुसाफिराला रोज्याची सवलत आहे. सुटलेले रोजे नंतर पुरे करता येतात. नवऱ्यानं ती सवलत घेतली, बायकोनं घेतली नाही. पण निघायचं आत्ताच, हा हट्ट तिचाच होता. तिचं म्हणणं साधं होतं. एरवी दुपारी बारा वाजता शहर बघितलं तर सगळी शहरं सारखीच दिसतात. रमजानात मोहल्ला सहेरीला उठतो आणि मध्यरात्रीपर्यंत जागा असतो. पहाटे चारला दिवे असतात का, नळाला पाणी असतं का, तरावीहनंतर पोरीबाळी आइस्क्रीम खायला कोपऱ्यापर्यंत निर्धास्त जातात का, हे महिनाभरच दिसतं. यात तथ्य आहे. नवरात्रात किंवा गणपतीत शहर बघणाऱ्यालाही हेच सांगावं लागेल. सणाच्या रात्री शहराला बायकांची सवय आहे की नाही, ते लगेच कळतं.

नाशिकनं पहिल्याच दिवशी नवऱ्याला जिंकलं. कसारा घाट चढला की हवा बदलते आणि माणूस उदार होतो. गंगापूर धरण शहराच्या उशाला, भाजी स्वस्त, मुंबई चार तासांवर. बायकोनं वहीत लिहिलं, 'द्वारकेचा चौक ओलांडायला किती वेळ लागला?' आणि पुढे आकडा लिहिला, तो नवऱ्याला आवडला नाही. २०२७ च्या कुंभमेळ्यासाठी शहर खणून ठेवलेलं आहे. ते पुढे चांगलं होईल, पण यांना राहायचं आहे आत्ता.

तिथून सिन्नरला समृद्धी महामार्ग धरला. मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटरचा हा रस्ता २०२५ च्या जूनमध्ये पुरता खुला झाला. वेळ वाचतो, यात शंका नाही. पण शहर शोधायला निघालेल्यानं हा रस्ता धरू नये. त्यावर गाव लागत नाही, चहाची टपरी लागत नाही, कुणाला काही विचारता येत नाही. मधल्या वैजापुरात लोक काय खातात, कशावर चिडलेले आहेत, पाण्याचं काय बोलतात, हे सगळं कुंपणापलीकडे राहून जातं.

आणि छत्रपती संभाजीनगरात पाण्यापलीकडे बोलायला फारसं काही उरत नाही. पैठणचा नाथसागर शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर. इतकं मोठं धरण, आणि घरातल्या नळाला पाणी येतं ते दिवसाआड नव्हे, कित्येक दिवसांनी. नव्या जलवाहिनीची चर्चा शहरात वर्षानुवर्षं चालू आहे. मलिक अंबरनं १६१० मध्ये खडकी वसवली तेव्हा डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरींमधून शहरात खेळवलं होतं. बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्याशी असलेली पाणचक्की अशाच पाण्यावर फिरे, आणि तिथं दळलेल्या धान्यावर वाटसरूंची पोटं भरत. पर्यटक तिथं फोटो काढतात. या बाईंनी तिथं बसलेल्या एका स्थानिक बाईंना विचारलं, "तुमच्याकडे पाणी कधी येतं?" पुढचा अर्धा तास त्या बोलत होत्या. पाण्याचा दिवस ठरलेला असतो, वेळ ठरलेली नसते. त्या दिवशी बाजार नाही, दवाखाना नाही, कुणाच्या घरी जाणं नाही. कुणीतरी घरात थांबायचं.

हे 'कुणीतरी' कोण असतं, ते सांगायला नको. आता गंमत अशी, की लॅपटॉपवर काम करणारा नवराही दिवसभर घरातच असतो. तरी नळ उघडायला तो उठेल, असं त्याच्यासकट कुणीच गृहीत धरलं नव्हतं. त्याला मिटिंग असते. तिला पंधरा मुलांची बॅच असते, पण ती मिटिंग मोजली जात नाही.

खरा प्रश्न इथंच आहे. घरून काम करण्याची सोय झाल्यापासून शहर बदलण्याच्या गोष्टी मध्यमवर्गात वाढल्या आहेत. कुणी कोकणात परत जातो, कुणी तालुक्याच्या गावी बंगला बांधतो. त्यांचं कौतुक वाचायला मिळतं: स्वच्छ हवा, कमी खर्च, आई-वडिलांचा सहवास. सगळं खरं. पण ही सोय ज्याच्या कामाची झाली, त्याच्या बाजूनंच हिशेब मांडला जातो. पगार तोच, भाडं निम्मं, म्हणून फायदा. पण ज्या बाईची कमाई मोहल्ल्यातून येते, तिचं काय? शिकवणी, शिवणकाम, डबे, ब्यूटी पार्लर, पाळणाघर, मेंदीच्या ऑर्डरी. या धंद्यांचं भांडवल म्हणजे यंत्र नव्हे, फळा नव्हे. 'बाजीकडे घाल, पोरगं दहावीला गणितात सुटेल' असं एका आईनं दुसरीला सांगणं, हे त्यांचं भांडवल. मीरा रोडच्या या बाईंनी ते वीस वर्षांत जमवलं. आधी खालच्या मजल्यावरची दोन मुलं, मग शेजारच्या इमारतीतली सहा, आज पस्तीस. पहिल्या बॅचमधली एक मुलगी आता स्वतःच्या भाच्याला तिच्याकडे पाठवते. हे टेम्पोत भरून नेता येत नाही. ऑनलाइन शिकवता येईल, असं नवरा म्हणाला. येईलही, मोठी मुलं टिकतील काही. पण पाचवीच्या पोराला भागाकार शिकवताना त्याच्या पेन्सिलीकडे बघावं लागतं.

म्हणून तिनं प्रत्येक शहरात एक काम केलं, जे एकाही घरबदलीच्या सल्ल्यात सापडणार नाही. शाळा सुटायच्या वेळी एखाद्या शाळेच्या फाटकाशी उभं राहून तिनं आयांना विचारलं: इथं गणिताच्या शिकवणीला महिन्याला किती घेतात? पोरं घरी जाऊन शिकतात, की मोठ्या क्लासला? नव्या बाईकडे पहिलं मूल कोण पाठवेल? शेवटच्या प्रश्नावर बहुतेक ठिकाणी बायका हसल्या. कारण त्याचं उत्तर शहरावर नव्हे, शेजारणीवर अवलंबून असतं.

सोलापूर तिचं माहेर. छत्रपती संभाजीनगरहून बीड, धाराशिव मागे टाकत संध्याकाळी गाडी शहरात शिरली तेव्हा तिचा आवाज बदलला, असं नवरा सांगतो. रिक्षावाल्याशी दखनीत, कापडवाल्याशी मराठीत, बहिणीच्या शेजारणीशी मोडक्या तेलुगूत. चार-चार भाषा सहज बोलणारं हे शहर आहे आणि त्याचा त्याला गर्व नाही, हे विशेष. विजापूर वेशीतला रमजानचा बाजार, चादरीची दुकानं, शेंगाचटणीचा वास. यादीतली बाकीची नावं तिनं त्या रात्री मनातल्या मनात खोडली असणार.

नवऱ्यानं दुसऱ्या दिवशी सांगितलेल्या गोष्टीही खोट्या नव्हत्या. ऊन चाळिशी ओलांडतं. उजनीचं पाणी जलवाहिनीतून येतं, पण इथंही नळ रोज येत नाही. गिरण्या बंद पडल्या, आणि शिकलेली पोरं पुण्याच्या गाडीत बसतात. २०२३ पासून मुंबईला वंदे भारत आहे. तिनं मुंबई जवळ आली, तशीच सोलापूर सोडून जाणाऱ्यांचीही सोय झाली. यापेक्षा महत्त्वाची गोष्ट मात्र तिच्या मोठ्या बहिणीनं सांगितली. माहेर हे चार दिवसांचं असतं. चार दिवस भावजय हौसेनं दालचा-भात करते. तीनशे पासष्ट दिवस तू याच गावात राहिलीस, तर दर आजारपणाला, दर लग्नाला, दर भांडणाला तुझ्याच नावानं हाक येईल. माहेरी परतणाऱ्या बायकांना हे एरवी कुणी स्पष्ट सांगत नाही. बहिणीनं सांगितलं, हे चांगलं झालं.

वाटेत एका शहरात (कुठलं, ते सांगून त्या गावाचं नाव खराब करायला नको) एजंटनं फ्लॅट दाखवण्याआधीच आडनाव विचारलं. ऐकल्यावर म्हणाला, "तुमच्या लोकांच्या एरियात बघू ना, तुम्हालाच बरं पडेल." बोलणं गोड होतं. असं बोलणं गोडच असतं. पण हा प्रश्न एकाच समाजाच्या वाट्याला येतो असं समजण्याचं कारण नाही. मांसाहार करता का, एकट्या राहता का, नवरा सोबत असतो ना, गाव कुठलं, म्हणजे जात कुठली: प्रत्येक शहरातल्या भाडेकरूला यातला कुठला ना कुठला प्रश्न येतो. आणि ज्या मोहल्ल्यात 'आपले लोक' राहतात, तिथंही दुसऱ्या धर्माचं बिऱ्हाड आलं तर किती घरांचे पडदे हलतात, हे तिथल्यांनी स्वतःला विचारायला हवं. लेखी, नोंदणीकृत करार करायला राज्याचा १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा सांगतो. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी लागते. कागद सगळे पुरे करता येतात. घर मिळतं की नाही, ते त्याआधीच दारात ठरलेलं असतं.

कोल्हापुरात दोघांपैकी कुणाचंच कुणी नव्हतं. कदाचित म्हणूनच तिथं दोघांनी शहर नीट बघितलं. तिनं पहिला प्रश्न विचारला तो पुराचा, आणि कोल्हापूरकरांनी त्याचं उत्तर ज्या तपशिलानं दिलं, त्यानं ती खूश झाली. २०१९ ला पाणी या पायरीपर्यंत, २०२१ ला त्या खिडकीपर्यंत. ही गल्ली सुटते, ती बुडते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची ३९ फुटांना इशारा पातळी, ४३ फुटांना धोका पातळी, आणि त्या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलेलं: हे आकडे तिथल्या पानवाल्यालाही तोंडपाठ. आपल्या शहराची खोड ज्यांना आकड्यांत सांगता येते, त्या शहरात राहायला जाणाऱ्याची फसगत होत नाही. बाकीच्या शहरांत 'पाण्याचं तसं काही नाही हो' असं ऐकून कान किटले होते.

शाहू महाराजांनी १९०१ पासून या गावात एकेका समाजाच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी करायला मदत केली. दसरा चौकातलं मुस्लिम बोर्डिंग १९०६ चं. बाहेरगावच्या पोरांना ठेवून घ्यायची शंभर-सव्वाशे वर्षांची सवय या शहराला आहे. ती आजच्या फ्लॅटमालकांपर्यंत कितपत उतरली आहे, हे दोन दिवसांत कळणं शक्य नाही. शाळेच्या फाटकाशी एका बाईनं मात्र सांगितलं, "या की. माझ्या पोरीचं गणित कच्चं हाय." पाच शहरांतलं हे पहिलं गिऱ्हाईक.

नवऱ्याला खरं तर कुठं जायचं होतं, ते आंबा घाट उतरताना उघडं झालं. कोल्हापूरहून रत्नागिरी १३० किलोमीटर. शहरापासून थोडं आत त्याचं गाव, जांभ्या दगडाचं घर, आणि घरात शहात्तर वर्षांची आई. "अम्मी एकटीच असते," हे वाक्य तो वर्षभर बोलत होता. इतर चार शहरं त्याच्या दृष्टीनं वाटेतली स्टेशनं होती. यात वाईट काही नाही. कोकणातल्या कितीतरी बंद आणि अर्धवट बंद घरांमागे असा एक मुलगा असतो, मुंबईत किंवा आखातात, ज्याला झोप येत नाही. पण त्याच्या काळजीचं रोजचं काम कोण करणार होतं? औषधाच्या वेळा, गुडघ्याला शेक, डॉक्टरकडे नेणं, मोठं दुखणं निघालं तर हाच घाट चढून कोल्हापूर गाठणं. 'आईची सोय' हा शब्द मुलगा उच्चारतो, आणि ती सोय सुनेच्या नावावर जमा होते. हे तिनं गाडीत बोलून दाखवलं. रोज्यात भांडू नये म्हणून बेतानंच बोलली, असं तिचं म्हणणं. नवऱ्याला ते बेताचं वाटलं नाही.

गावी पोहोचल्यावर मात्र दोघांनाही वेगळंच दिसलं. इफ्तारच्या अर्धा तास आधी घरात सात बायका होत्या. कुणी खजूर आणले, कुणी फळं चिरत होती, शेजारच्या वाडीतल्या काकू ओल्या काजूंची उसळ ठेवून गेल्या. रात्री कुणाची तरी सून बाळंतपणाबद्दल विचारायला आली. सकाळी दोन पोरं कुराणाचा सबक घ्यायला. 'एकटी' असलेल्या बाईला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. सुनेला हा पसारा ओळखीचा वाटला. तिच्या मीरा रोडच्या खोलीत संध्याकाळी सहाला असाच असतो.

मुलानं विषय काढला. आम्ही इथं येऊ, नाहीतर तू आमच्याबरोबर कोल्हापूरला चल. अम्मी शांतपणे म्हणाल्या, "पाच गावं बघून आलात. पाण्याला विचारलंत, भाड्याला विचारलंत. मला कुठं राहायचं आहे, ते आज विचारताय." पुढे म्हणाल्या, तुम्ही यायचं असेल तर या, घर तुमचं आहे. पण माझ्यासाठी म्हणून येऊ नका, आणि मला इथून हलवू नका. सुनेनं त्या रात्री वहीत काहीच लिहिलं नाही.

म्हाताऱ्या माणसाला एकटं सोडावं, असा याचा अर्थ कुणी काढू नये. गुडघे आहेत, रक्तदाब आहे, पावसाळ्यात वीज जाते. आठवड्याला कुणीतरी जाऊन यायला हवं, हे अम्मींनाही मान्य आहे. पण त्यासाठी सुनेनं आपली शिकवणी मोडायची, की मुलानं आपला लॅपटॉप उचलून महिन्यातले आठ-दहा दिवस गावी बसायचं? दुसरा उपाय स्वस्त आहे, आजच करता येण्याजोगा आहे, आणि वर्षभराच्या चर्चेत तो एकदाही कुणाला सुचला नव्हता. सुचला तो परतीच्या वाटेवर, मुंबई-गोवा महामार्गाच्या एका कायमच्या डायव्हर्जनवर गाडी तासभर अडकलेली असताना. कोणाला सुचला, यावर दोघांचं अजून एकमत नाही.

नऊ दिवस, सुमारे चौदाशे किलोमीटर. घर अजून ठरलेलं नाही. ईद मीरा रोडलाच होईल, दहावीच्या मुलांचे निकाल लागेपर्यंत ती कुठंही हलणार नाही. कोल्हापूरचं नाव यादीत वर आहे, कारण तिथून रत्नागिरीला घाट उतरून जाता येतं आणि सोलापूरही एका दिवसात गाठता येतं, दोन्हींपासून बेताच्या अंतरावर. पण तिनं अट घातली आहे: उन्हाळ्याच्या तोंडावर बघितलेलं कोल्हापूर खरं नव्हे, जुलैत बघायचं. त्या वेळी गाडी नाही, नवरा नाही. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, आठवडाभर ती एकटीच जाऊन राहणार, आणि जिच्या पोरीचं गणित कच्चं आहे त्या बाईंचा फोन नंबर तिनं घेऊन ठेवला आहे. त्या आठवड्यात नवरा अम्मीकडे, लॅपटॉपसह. अकरा महिन्यांचा करार पुढे झालाच, तर तो कुणाच्या नावावर करायचा, यावर घरात अजून बोलणं झालेलं नाही.